दिवे लागतात, पण इंजिन हलत नाही: डीकोडर जळाला असं ठरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉडेल रेल्वेचं, एचओ मापाचं (सुमारे १:८७) डिझेल इंजिन, आठ पिनांच्या सॉकेटमध्ये साधा, आवाज नसलेला डीकोडर, म्हणजे रुळांतून येणारे हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी. इतके दिवस सुरळीत चाललं. मग बॉडी उघडून गिअरना तेल दिलं, बॉडी परत बसवली, दुसऱ्या एका इंजिनाबरोबर जोडीने चालवलं आणि त्यानंतर ते थांबलं. एफ-शून्य (दिव्यांचं बटण) दाबलं की दिवे लागतात, पुन्हा दाबलं की विझतात. मोटर मात्र ढिम्म. प्रोग्रामिंगच्या रुळावर, म्हणजे सेटिंग वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या तुकड्यावर, नेलं तर कमांड स्टेशन (रुळांवर हुकूम पाठवणारी पेटी) डीकोडर सापडत नाही म्हणतं. आता नवा डीकोडर मागवून बसवावा का?

मागवा हवा तर, परदेशातून यायला वेळ लागतोच. पण बसवू नका, निदान इतक्यात नाही. पहिली गोष्ट, जुना कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा त्या सॉकेटमध्ये घातला तर तोही त्याच वाटेने जाण्याची भरपूर शक्यता आहे, आणि तेही काही सेकंदांत. दुसरी गोष्ट, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून जुना गेलाय असं मी तरी अजून म्हणणार नाही.

डीसीसीची (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळे हुकूम देण्याची) मूळ पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीची, आणि अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेने ती १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. त्यामुळे डीकोडर कोणत्याही कंपनीचा असो, आतली कामाची वाटणी तीच असते. रुळांवर सतत दिशा बदलणारा प्रवाह असतो. त्यातली प्रत्येक उलटापालट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, १०० किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. वीज आणि हुकूम दोन्ही त्याच दोन रुळांतून येतात. डीकोडरमध्ये आधी ही वीज एकदिश होते, मग प्रोसेसर हुकूम वाचतो, हुकूम आपल्या नंबराचा असेल तर दिव्यांचे आउटपुट चालू-बंद करतो आणि एच-ब्रिज नावाच्या चार ट्रान्झिस्टरांतून मोटर फिरवतो.

आता तुमचं इंजिन बघा. दिवे नुसते लागत नाहीत, तुमच्या बटणाने लागतात आणि विझतात. म्हणजे चाकांतून वीज आत येतेय, ती एकदिश होतेय, प्रोसेसर जागा आहे, हुकूम वाचतोय आणि स्वतःचा नंबर ओळखतोय. डीकोडरचा अर्ध्याहून जास्त भाग ठणठणीत आहे. संशयाला जागा उरते ती चारच: एखादं सेटिंग, मोटरकडे जाणाऱ्या नारिंगी-राखाडी तारा, खुद्द मोटर, आणि शेवटी एच-ब्रिज. क्रमही हाच ठेवा. बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात आणि पैसे घालवतात.

सेटिंगचा संशय मी पहिला घेतो याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही इंजिन जोडीने चालवलंत. डीकोडरमधली सेटिंग्ज नंबर दिलेल्या कप्प्यांत असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. जोडी लावताना बऱ्याच कमांड स्टेशन्स दोन्ही इंजिनांच्या सीव्ही १९ मध्ये जोडीचा नंबर लिहून ठेवतात. तो तिथे असेपर्यंत इंजिन वेगाचे हुकूम फक्त जोडीच्या नंबरावर ऐकतं. दिवे आणि बाकीची फंक्शन्स मात्र, सीव्ही २१ आणि २२ मध्ये काही घातलं नसेल तर, स्वतःच्या मूळ नंबरावरच ऐकतं. परिणाम काय? तुम्ही मूळ नंबर लावून एफ-शून्य दाबता, दिवे लागतात. नॉब फिरवता, इंजिन जागेवर. अगदी तुमचंच वर्णन. जोडी नीट न मोडता इंजिन रुळावरून उचललं, किंवा जोडी एका कमांड स्टेशनवर लावून इंजिन दुसऱ्याकडे नेलं, की हे हमखास होतं. असे ‘जळालेले’ डीकोडर माझ्याकडे बरेच आले आहेत, आणि सीव्ही १९ मध्ये शून्य लिहिल्यावर परत चालत गेले आहेत.

पण प्रोग्रामिंग रुळावर डीकोडर सापडतच नाही, मग लिहिणार कसं? तर मेन लाइनवर, म्हणजे गाड्या चालतात त्या रुळावर, लिहा. मेन लाइनवरचं प्रोग्रामिंग डीकोडरच्या उत्तराची वाट बघत नाही. इंजिन तुमचा नंबर ओळखतं हे दिव्यांनी सिद्ध केलंय, तेव्हा त्याच नंबरावर सीव्ही १९ ला शून्य पाठवा, वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि नॉब हळूहळू फिरवून बघा.

‘डीकोडर सापडत नाही’ या संदेशाला लोक फार घाबरतात, म्हणून त्याचा खरा अर्थ सांगतो. प्रोग्रामिंग रुळावर डीकोडर उत्तर देतो ते मोटरच्या मार्फत. कमांड स्टेशन विचारतं, अमुक सीव्हीत अमुक आकडा आहे का? असेल तर डीकोडर मोटरला सुमारे ६ मिलिसेकंद झटका देतो, त्यामुळे निदान ६० मिलिअँपिअर जास्त प्रवाह ओढला जातो आणि ती वाढ कमांड स्टेशनला दिसते. वाचताना इंजिन किंचित टकटक करत थरथरतं ते यामुळेच. म्हणजे मोटरची तार तुटली असेल, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारा कार्बनचा तुकडा) अडकला असेल किंवा चाकं मळलेली असतील, तर डीकोडर शंभर टक्के चांगला असूनही उत्तर पोचत नाही. उलट बाजूने बघितलं तर वाचता येत नसलं तरी लिहिलेलं बऱ्याचदा आत पोचलेलं असतं. फक्त पोच मिळत नाही, म्हणून स्टेशन एरर दाखवतं. किप-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) लावला असेल तर तोही हा झटका लपवतो. तो असेल तर वाचण्यापुरता काढून ठेवा.

सीव्ही १९ ने काम झालं नाही तर फॅक्टरी रीसेट करा. ईएसयू आणि झिमो या कंपन्यांच्या डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ सेटिंग्ज परत येतात. सगळ्यांची पद्धत एकच नाही, त्यामुळे आपल्या डीकोडरचं पुस्तक उघडून बघा. रीसेटनंतर इंजिनाचा नंबर ३ होतो, हे ध्यानात असू द्या. जुन्याच नंबरावर हाका मारत बसलात तर आता दिवेही लागणार नाहीत, आणि उरलासुरला डीकोडरही गेला असं वाटेल.

इतकं करूनही मोटर हलली नाही, की बॉडी उघडा. डीकोडर सॉकेटमधून हलक्या हाताने, पिना न वाकवता बाहेर काढा आणि त्या जागी इंजिनाबरोबर आलेला ब्लँकिंग प्लग (डीकोडर नसताना मोटर रुळांना थेट जोडणारा प्लग) बसवा. आता हे इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसी कंट्रोलरवर चालवून बघा. एक कळकळीची सूचना: डीकोडर काढलेलं इंजिन चुकूनही डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. तिथे मोटरला सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट झटके बसतात; ती गुणगुणते, फिरत नाही आणि तापत जाते. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर तर बघता बघता जळते.

डीसीवर इंजिन दोन्ही दिशांना छान चाललं, तर मोटर आणि चाकं निर्दोष. अडखळलं किंवा चाललंच नाही, तर दोष इंजिनात आहे आणि नव्या डीकोडरचे पैसे वाचले. पण डीसीवर चाललं म्हणून निश्चिंत होऊ नका. मोटरचं एखादं टोक चाकाशी किंवा चासीशी (खालच्या धातूच्या सांगाड्याशी) चिकटलेलं असलं तरी डीसीवर इंजिन मजेत चालतं, कारण तिथे मोटर रुळांना थेट जोडलेलीच असते. डीकोडर असताना मात्र तेच चिकटणं जीवघेणं ठरतं. तेव्हा मल्टिमीटर हाताशी घ्या.

ब्लँकिंग प्लगही काढा, सॉकेट रिकामं करा. मीटर ओहमवर ठेवून मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने हळू फिरवत मोजा, आकडा थोडा वरखाली होणार. एचओच्या आताच्या मोटरींमध्ये साधारण १५ ते ४० ओहम दिसतात. काहीच दिसत नसेल तर तार, डाग किंवा ब्रश तुटलाय. एक-दोन ओहमच दिसत असतील तर वायंडिंग जळालंय किंवा कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या कड्याच्या) खाचांत कार्बनची भुकटी साचलीय. खाचा टूथपिकने साफ करून पुन्हा मोजा, कित्येकदा मोटर तेवढ्यानेच सुधारते. तेल जास्त झालं की हे होतं, आणि तुम्ही नुकतंच तेल दिलंय. गिअरना एक थेंब पुरतो, कम्युटेटरला तेल नकोच.

मग खरी मोजणी. मीटरचं एक टोक मोटरच्या एका ब्रशला, दुसरं एका बाजूच्या चाकाला. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाला. मग चासीला. मग हेच सगळं दुसऱ्या ब्रशपासून. प्रत्येक वेळी मीटरने काहीही दाखवता कामा नये. आणि इंजिन टेबलावर नुसतं पडलेलं असताना मोजून थांबू नका. बोगी, म्हणजे इंजिनाखालचा वळणारा चाकांचा गाडा, एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा, तारा थोड्या हलवा, जमलं तर बॉडी अर्धवट बसवून दाबून बघा. वळणावरच होणारा शॉर्ट सरळ ठेवलेल्या इंजिनात सापडत नाही.

बॉडी उघडून परत बसवल्यावर बिघाड झाला असं तुम्ही म्हणता, म्हणून तारांवर माझा विशेष संशय आहे. बॉडीच्या आत स्क्रूसाठी उभे खांब असतात, आणि चासीच्या धातूच्या ठोकळ्याला अरुंद खाच असते. तार त्या खाचेतून बाहेर राहिली की खांब तिच्यावर येऊन बसतो. भिंग लावून त्या जागी बघा. नारिंगी तारेवर चपटी, किंचित चमकणारी रेघ दिसेल, आवरण कागदासारखं पातळ झालेलं असेल आणि त्यातून तांब्याचा केसाएवढा एकच धागा डोकावत असेल. तेवढा धागा चासीला लागला की झालं. या तारा इतक्या बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना ती जागा साधी चुरगळलेली वाटते. सापडली तर तार कापून श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) घालून पुन्हा जोडा, चासीच्या त्या कडेवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पातळ पट्टी) लावा आणि तारा कुठून जाव्यात ते नक्की करून टेपच्या छोट्या पट्टीने तिथेच थांबवा.

अशा वेळी बूस्टरचा (रुळांना वीज पुरवणाऱ्या भागाचा) शॉर्ट-सर्किट बचाव का धावून आला नाही, असं वाटणं साहजिक आहे. घरगुती बूस्टर ३ ते ५ अँपिअर देतो आणि त्यापलीकडे गेल्यावरच तोडतो. तुमचा डीकोडर असतो साधारण १ अँपिअरचा. म्हणजे ट्रान्झिस्टरमधून २ अँपिअर वाहत असताना बूस्टरच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं, आणि इकडे डीकोडर भाजत असतो. चांगल्या डीकोडरना स्वतःचं संरक्षण असतं, ते तापल्यावर मोटर बंद करतात. म्हणून थंड झाल्यावर पुन्हा चालणारा डीकोडर मेलेला समजू नका. पण मोटरचं टोक थेट रुळाला चिकटलं की ते संरक्षणही सगळीकडे पुरतं असं नाही.

तारा निर्दोष निघाल्या तर मोटरची भूक मोजा. १२ व्होल्ट डीसीच्या वाटेत अँमीटर लावा, फ्लायव्हील बोटाने क्षणभर घट्ट धरा, आकडा बघा, सोडा. दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. हाच स्टॉल करंट, म्हणजे अडकलेली मोटर ओढते तो प्रवाह. ओहमचा आकडा हाताशी असेल तर अंदाज आधीच बांधता येतो: २० ओहमची मोटर अडकली तर ०.६ अँपिअर ओढेल, ८ ओहमची दीड. डीकोडरची सततची क्षमता या आकड्यापेक्षा जास्त हवी. दीड अँपिअर ओढणाऱ्या जुन्या मोटरीला १ अँपिअरचा डीकोडर लावला की तो एकदम जात नाही. चढावर, लांब गाडी ओढताना, थोडा थोडा भाजत जातो आणि एके दिवशी थांबतो.

तुमच्या इंजिनात कारखान्यातूनच सॉकेट आहे, म्हणजे मोटर चासीपासून वेगळी केलेली असणार. जुनी इंजिनं वापरणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: अथर्न कंपनीची ब्लू बॉक्स इंजिनं किंवा उघड्या मोटरची जुनी हॉर्नबी कंपनीची इंजिनं यांच्यात एक ब्रश मुद्दामच चासीला जोडलेला असतो. तो तोडून वेगळा केल्याशिवाय डीकोडर लावायचा विचारही करू नये.

तारा चांगल्या, मोटर चांगली, सेटिंग चांगलं, तरी हालचाल नाही, तर आता डीकोडरला आरोपी करा. एक शेवटची खात्री टेबलावरच होते. डीकोडर इंजिनाबाहेर काढून त्याच्या नारिंगी आणि राखाडी तारांमध्ये १०० ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर लावा, रुळाकडच्या लाल-काळ्या तारा प्रोग्रामिंग रुळाला जोडा आणि सीव्ही ८ वाचा. रेझिस्टर मोटरच्या जागी प्रवाह ओढतो, त्यामुळे एच-ब्रिज शाबूत असेल तर कंपनीचा क्रमांक लगेच वाचला जातो. वाचला गेला तर डीकोडर निर्दोष आहे, पुन्हा इंजिनाकडे वळा. नाही वाचला, तर भिंगाखाली बघा. चिपवर बारीक फोड किंवा तपकिरी डाग, बाहेरचं पारदर्शक आवरण एका जागी फुगलेलं, आणि नाकाजवळ नेल्यावर जळका वास. यातलं एखादं चिन्ह बहुतेक वेळा सापडतंच. चिप बदलण्याच्या फंदात पडू नका. तुटलेली तार झाळून घ्यायला हरकत नाही, पण ते पृष्ठभागावरचे ट्रान्झिस्टर घरच्या सोल्डरिंग गनने बदलणं मला तरी पैशाला आणि वेळेला परवडलेलं नाही.

बाकीची लक्षणं भराभर. इंजिन एकाच दिशेला चालतं, दुसरीकडे अजिबात नाही: एच-ब्रिजचा अर्धा भाग गेलाय. नॉब फिरवताना दिवे लागतात-विझतात: डीकोडर आणि कंट्रोलर यांची वेगाच्या पायऱ्यांची संख्या जुळत नाही, एक १४ वर आणि दुसरा २८ वर आहे, सीव्ही २९ बघा. वीज चालू करताच इंजिन सुसाट पळतं: डीकोडर रुळावरच्या गोंधळाला डीसी समजतोय. सीव्ही २९ मधून ४ वजा करा, म्हणजे ६ असेल तर २ आणि ३८ असेल तर ३४. इंजिन चालतं पण दिवेच नाहीत: आठ पिनांचा प्लग उलटा बसलाय. सुलट फिरवून बसवा, नारिंगी तार एक नंबरच्या पिनेकडे. मोटर थरथरत, गचके खात चालते आणि डीकोडर ईएसयूचा आहे: मोकळ्या सरळ रुळावर ठेवून सीव्ही ५४ मध्ये शून्य लिहा आणि एफ-एक दाबा, इंजिन काही क्षण जोरात पळून स्वतःच मोटर मोजून घेतं. ही सोय त्यांच्या अलीकडच्या पिढ्यांमध्येच आहे. आवाजाचा डीकोडर दर फुटाला पुन्हा ‘स्टार्ट’ होतो: डीकोडर नाही, रूळ मळलेत.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांचा अर्धा त्रास इथेच आहे. पावसाळ्यात मांडणी झाकून ठेवली आणि गणपतीच्या सुट्टीत उघडली, की इंजिनं अडखळतात आणि सगळे डीकोडरवर घसरतात. हवेतल्या ओलाव्याने आणि खाऱ्या वाऱ्याने चाकांच्या मागे टेकणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांवर काळपट-हिरवा थर चढतो. रूळ कितीही पुसले तरी तो जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस टूथपिकला गुंडाळून प्रत्येक पट्टी पुसा आणि ती चाकाला टेकतेय ना ते बघा. चाकांसाठी रुळावर अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू पेपर ठेवा, एक बोगी कागदावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि थोडा वेग द्या. चाकं स्वतःच पुसली जातात. खिडकी उघडी ठेवा आणि अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच गाड्या सोडा. रुळांना सँडपेपर लावू नका. रुळांच्या निकेल-सिल्व्हर धातूवर पडलेल्या चऱ्यांत मळ आणखी लवकर बसतो. इंजिनं डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली तर पुढच्या मोसमात हे काम निम्मं होतं.

नवा डीकोडर बसवायची वेळ आलीच, तर बॉडी न लावता इंजिन आधी प्रोग्रामिंग रुळावर ठेवा आणि नंबर वाचा. तिथे प्रवाह सुमारे २५० मिलिअँपिअरलाच रोखलेला असतो, त्यामुळे काही चुकीचं जोडलं असलं तरी डीकोडर वाचण्याची शक्यता खूप जास्त. नंबर वाचला गेला तरच मेन लाइन. मग बॉडी बसवा आणि पुन्हा प्रोग्रामिंग रुळावर नेऊन पुन्हा वाचा, कारण तुमच्या इंजिनात धोका बॉडी बसवतानाच आहे. डीकोडरभोवती इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी गुंडाळू नका. तिच्यात उष्णता कोंडते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तिचा चिकट गोंद तारांवर उतरतो. चासीकडच्या बाजूला कॅप्टॉन टेप, वरची बाजू मोकळी.

जुना डीकोडर फेकू नका. मोटरचा भाग गेला आणि दिव्यांचे आउटपुट चालू असतील, शिवाय रुळावर नुसता ठेवल्यावर तापत नसेल, तर तो एखाद्या डब्यात किंवा ब्रेकव्हॅनमध्ये आतल्या दिव्यासाठी आणि मागच्या लाल दिव्यासाठी अजून उपयोगी आहे. निळी तार सामायिक धन, पांढरी आणि पिवळी ऋण, प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर. वाचता येणार नाही, पण मेन लाइनवरून लिहिता येईल. नंबर तसाच राहू द्या किंवा रीसेट करून ३ वर ठेवा. आणि उलट झालं असेल, म्हणजे मोटर चालतेय पण पुढच्या दिव्याचा एकच आउटपुट जळालाय, तर साध्या एनएमआरए मॅपिंगच्या (कोणतं बटण कोणता आउटपुट चालवतं याच्या मानक वाटणीच्या) डीकोडरमध्ये सीव्ही ३३ मध्ये ४ लिहा आणि दिव्याची तार पांढरीवरून हिरवीवर घ्या. ईएसयूच्या अलीकडच्या डीकोडरमध्ये मॅपिंग वेगळं असतं, तिथे हा आकडा चालणार नाही.